नख लागलेला दुधी

"लावलं ना नख? आता तो तुहा. घे."

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि माझ्या अंगठ्याचं नख अजून दुधीच्या सालीत रुतलेलंच होतं. खामगावचा आठवडी बाजार, भर गर्दी, आणि मी शाळेत नुकतीच रुजू झालेली नवी शिक्षिका. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मी कशीबशी म्हटलं, "बाई, कोवळा आहे का ते नुसतं बघत होते."

"मंग? हाय ना कोवळा?"

"आहे. पण तो पलीकडचा जरा बरा दिसतो."

"त्याले तू नख नाई लावलं. याले लावलं. नख लावलं तं घरी नेलं पाहजे."

मी निमूट माळणीला पैसे दिले आणि दुधी पिशवीत टाकला. रागही आला होता आणि लाजही वाटली होती, पण मनगट सुटलं यातच समाधान मानलं.

तुम्हीही दुधी घेताना नख लावता. नाही म्हणू नका. आपल्या आईनं लावलं, तिच्या आईनं लावलं, आणि नख लोण्यात गेल्यासारखं गेलं तरी तो दुधी खाली ठेवून दुसरा उचलला. त्या खाली ठेवलेल्याचं पुढं काय होतं? आधी नखाच्या जागी पाणी सुटतं, मग तिथं काळी रेघ पडते, आणि मागून येणारी प्रत्येक बाई ती रेघ बघून पुढं जाते. दिवेलागणीला माळीण तो बैलबंडीत टाकते आणि घरी नेऊन म्हशीपुढं ठेवते. मी तोवर याचा कधी विचारच केला नव्हता.

बाईंनी केला होता. एवढंच नाही, त्यावर त्यांनी अख्खं बोर्डिंग चालवलं होतं. माळणींच्या रांगेत शिरल्या की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "नख लागलेला हाय का वो?" असला की तो पडत्या भावात घ्यायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चार जनींनं पास केलेला दुधी हाय. पुन्हा परीक्षा काऊन घेऊ? आन आपल्या घरी खानारे इतके, की काळं पडाले त्याले टाइमच भेटत नाई." शेंडे मोडून टाकलेली भेंडी, घरंगळून तडकलेलं कोहळं, एका अंगानं वाकडी वाढलेली काकडी, सगळं त्यांच्या पिशवीत यायचं.

त्या आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, अंगावर जाडंभरडं पातळ, आणि मधल्या बोटात कायम शिवणाचं अंगुस्तान. वर्गात, बाजारात, भाकरी थापताना सुद्धा. आंघोळीपुरतं तरी काढत असतील असा माझा अंदाज होता, पण पुरावा नाही. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. वर्गाबाहेर पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी. आणि राग आला की वर्गातही वऱ्हाडी, त्यामुळं मुलींना त्यांचा राग लांबूनच ओळखू यायचा.

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या घरात, शाळेचं मुलींचं बोर्डिंग होतं. खेड्यांत तेव्हा मुलींसाठी हायस्कूल कुठलं असायला. मुली इथं राहायच्या, आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या. ज्वारी आपापल्या घरून बंडीनं यायची आणि वरच्या खर्चाला प्रत्येकीची थोडी वर्गणी असायची. बाई तिथल्या सुपरिंटेंडंट. मला गावात खोली मिळेना, तेव्हा शाळेनं मला त्यांच्या हाताखाली दिलं. बुलढाण्याच्या कचेरीतल्या कारकुनाची मी मुलगी. बाईंनी पहिल्याच दिवशी मला नाव ठेवलं, "घाटावरची." घाटाखालच्या माणसांना आम्हा घाटावरच्यांना हवा लागलेली असते अशी खात्री असते. ती अगदीच खोटी नाही.

पहिले काही दिवस मी त्यांना मनातल्या मनात चिक्कू म्हणत होते. मग त्यांना किराणा दुकानात पाहिलं आणि गोंधळले. माळणीनं सांगितलेला भाव त्या एका शब्दानं पाडून मागायच्या नाहीत. नख लागलेल्याला किती कमी करायचं हेही माळणीनंच ठरवायचं. किराण्याच्या दुकानात मात्र पदर खोचून बसायच्या आणि गुळाच्या एका ढेपेवरून दुकानदाराला घाम फोडायच्या.

"हे असं का हो?" मी विचारलं.

"जो पिकवते त्याच्यासंग घासाघीस नाई कराची. जो नुसता इकते त्याच्यासंग दिवसभर कराची."

एकदा तुरीची डाळ निवडली तेव्हा त्यांनी निघालेले सगळे खडे फडक्यात बांधून ठेवले. पुढच्या खेपेला ती पुरचुंडी दुकानदाराच्या तराजूत ठेवून म्हणाल्या, "शेटजी, हे तुमचं तुमाले. याच्या वजनाची डाळ द्या." शेटजी आधी हसले. मग बाई हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. डाळ मिळाली, आणि त्यानंतर बोर्डिंगच्या डाळीत खडा दिसला नाही.

आता तुम्हाला वाटेल, असं काटकसरीचं जेवण म्हणजे पाणचट वरण आणि कोरडी भाकरी. तसं असतं तर मी कशाला लिहिलं असतं! एका दुधीची त्या किती परींनी वाट लावायच्या. गराची चण्याची डाळ घालून भाजी. सालींची तीळ-जवस घालून तव्यावर परतलेली चटणी. जाड बिया निघाल्या तर मीठ लावून भाजायच्या, त्या अभ्यासाला बसलेल्या मुली खायच्या. आणि भाजी उरलीच तर दुसऱ्या दिवशी पिठात मळून धपाटे. देठ तेवढा शेजारच्या शेळीला. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा ठेच्यात वाटल्या जायच्या. एखादी मुलगी "बाई, आज पुन्हा दुधी?" म्हणून कुरकुरली, की त्या तिच्या ताटात भाजीवर लसणाच्या फोडणीची एक पळी ओतायच्या. "सस्तं खा, पन रडत नोको खाऊ," म्हणायच्या. "रडत खाल्लं तं पुरनपोळी बी बाधते."

मी घाटावरून येताना बारीक होते. सहा महिन्यांत माझे झंपर उसवायची वेळ आली, आणि ते बाईंनीच उसवून दिले.

मग ते वर्ष आलं. मृग कोरडा गेला, त्यानंतरची नक्षत्रंही नुसती गडगडून गेली. घरोघरच्या कणग्या तळाला लागल्या आणि मुलींच्या बंड्या यायच्या बंद झाल्या. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो मिळायची, तिच्या भाकऱ्या तव्यावरच तडकायच्या. सगळंच महाग झालं. शाळेच्या कमिटीची सभा भरली आणि सेक्रेटरी साहेबांनी सरळ सांगितलं, की वर्गणी वाढवा, नाहीतर दिवाळीला मुली घरी जातील त्या जातील, बोर्डिंग पुन्हा उघडायचं नाही.

वर्गणी वाढवणं म्हणजे बंद करण्यासारखंच होतं. देणार कोण? आणि घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. अकरावीला आमची कुसुम होती. शिवणात पहिली, गणितात पहिली, आणि जेवणात तर पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. तिचे वडील त्याच आठवड्यात आले आणि अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, बोर्डिंग हाय तोवर पोरगी ठेवतो. बंद झालं तं मंग पावने पाहाले येनारच हायेत. थांबा कसं म्हनू त्याईले?" माणूस वाईट नव्हता. कुसुम दाराआड उभी होती, तिची नुसती बोटं चौकटीवर दिसत होती.

"बंद होनार नाई," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी विचारलं, "कशाच्या भरवशावर सांगितलंत?"

"तोंडाच्या," असं म्हणून त्या चुलीकडं गेल्या.

बाईंना स्वतःला चौथीनंतर शाळा सोडावी लागली होती. पुढची शाळा परगावी, आणि परगावी मुलीला ठेवायची सोय नव्हती. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग भावानं शिवणाच्या वर्गाला घातलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडं न बघता.

पुढच्या सभेत सेक्रेटरी साहेबांनी मार्ग काढला. ओळखीच्या एका अडत्याच्या गोदामात चांगली पांढरी ज्वारी होती. रेशनात न दाखवलेली. मागच्या दारानं, शाळेसाठी म्हणून, जरा बऱ्या भावात मिळाली असती.

बाई शुद्ध भाषेत म्हणाल्या, "ती ज्वारी आम्हाला नको. ती कोणाच्या तरी चुलीवरून उचललेली आहे."

"बाई, वेळ कोणती आणि बोलता काय? तत्त्वं खाऊन मुली जगणार आहेत का?"

त्याबरोबर शुद्ध भाषा संपली. "मी पोट्ट्याइले तत्त्वं नाई वाढत, साहेब. भाजी वाढतो. या एक दिवस जेवाले."

साहेब खरंच आले. मिलोची भाकरी, दुधीची भाजी, सालींची चटणी, चिंचेचं सार. आधी पाहुण्यासारखे जेवले. मग चटणी मागितली. मग पुन्हा मागितली आणि कशाची आहे ते विचारलं. साल म्हटल्यावर ताटाकडं जरा वेळ बघत राहिले. हात धुताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत याच वर्गणीत निभावून दाखवा. मग बंद करा म्हणून मी बोलणार नाही."

तेव्हा सगळी भिस्त भाजीवर आली. भाकरी मोजून वाढायची, तर भाजी पोटभर हवी. पण विहिरी आटत चालल्या तशा भाज्याही चढल्या. त्यात आम्हाला तारलं पिंपळगाव राजाच्या गयाबाईनं. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं, आणि तिच्याकडं दर बाजाराला नख लागलेले दुधी भरपूर निघायचे. आधी दोन-तीन असायचे, मग टोपलीभर व्हायला लागले. गोणपाटाखालून काढून ती बाईंपुढं ठेवायची. "घ्या मास्तरीनबाई. आज बी लोकाइनं लय नखं लावली."

बाई खुश. परतताना मला म्हणायच्या, "महागाईत लोकं जास्तच नखं लावतेत वो. पैसा जपून खर्चाचा म्हनून दहादा पाह्यतेत."

मलाही ते पटलं होतं. शिकलेल्या माणसाला कारण पटलं की तो पुढं बघत नाही.

एका रविवारी दुपारी मुली धुणं घेऊन विहिरीवर गेल्या होत्या आणि आम्ही दोघी ओसरीवर विळी घेऊन बसलो होतो. बाईंनी एक दुधी हातात घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. मग चष्मा लावला आणि सगळे दुधी ओसरीवर ओळीनं मांडले.

"काय झालं?"

"हे टाके एकाच हाताचे हायेत."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "वर्गातल्या समद्या पोट्ट्या एकच टाका घालतेत, पन कोनता कोनाचा हे मले नाव न वाचता समजते. हे पाह्य. समदी नखं देठापासून तितक्याच अंतरावर. समद्याइले मंधात एक दात. ज्या अंगठ्याचं हे नख हाय, ते मंधात चिरलेलं हाय. आन रेघा पाह्य, समद्या सारख्याच काळ्या पडल्या. बाजार भराच्या आधी, एका बैठकीत लावलेलं नख हाय हे."

गयाबाईच्या अंगठ्याचं नख विळ्यानं मधोमध चिरलेलं होतं. दर आठवड्याला तो अंगठा आमच्यासमोर दुधी मोजत होता.

बाईंनी चष्मा काढला. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं; असं पाहिलं नव्हतं. "आपन भीक खाऊन राह्यलो," त्या म्हणाल्या. "आन मी सांगत फिरतो, आमी कोनाच्या वाट्याचं खात नाई म्हनून. पुढच्या बाजारी नख लागलेला एक दुधी घेनार नाई. घेतला तं पुऱ्या भावानं."

पुऱ्या भावानं घेतले तर दिवाळी गाठायची कशी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी मी म्हटलंच, "मग कुसुम?"

त्यांनी विळी पुढं ओढली. दुधी चिरायला घेतला आणि साल नेहमीपेक्षा जाड काढली.

पुढच्या बाजाराला आम्ही मुद्दाम लवकर गेलो. बंड्या नुकत्याच सुटत होत्या, बैलांपुढं कडबा पडत होता. गयाबाई आपल्या जागेवर उकिडवी बसली होती. गोणपाटावर ताजे, लव असलेले, हिरवेगार दुधी होते. ती एकेक मांडीवर घ्यायची, अंगठा दाबायची आणि बाजूला ठेवायची. आमची सावली पडली तरी तिनं अंगठा लपवला नाही.

"काय करून राह्यली वो गया?"

"नखं लावून राह्यलो."

"काऊन?"

"चांगला दुधी तुमी कमी भावानं घेत नाई. फुकट तं नाईच नाई. मंग दुसरं काय करू मी?"

"आन तुहं नुकसान? तुह्या घरी खानारी तोंडं नाईत?"

"हायेत. माह्या विहिरीले पानी बी हाय." तिनं हातातला दुधी खाली ठेवला. "मास्तरीनबाई, तुमीच भर बाजारात सांगता ना, ज्यानं नख लावलं त्याचा दुधी? आता मी लावलं. माहा झाला. माह्या दुधीचं मी काईबी करीन. तुमी कोन इचारनाऱ्या?"

किराणा दुकानदाराला घाम फोडणारी बाई, कमिटीला गप्प करणारी बाई, आणि तिला तिच्याच वाक्यानं एका माळणीनं खाली बसवलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, म्हणून मी बैलांकडं बघत राहिले.

"माही पोरगी शिकाची होती," गयाबाई जरा हळू म्हणाली. "तवा असं बोर्डिंग नोतं. तुमच्या तं शिकू द्या."

बाईंनी पिशवी पुढं केली. नख लागलेल्या दुधीचे जे पैसे व्हायचे तेवढेच दिले. परतताना वाटेत जलंबच्या गाडीचं रेल्वे फाटक लागलं. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "पोट्ट्याइले सांगू नोको. त्याईच्या घशाखाली घास उतरनार नाई."

मी शब्द दिला.

त्या आठवड्यात बाईंनी आपल्या ट्रंकेतून एक कापड काढलं. हिरवं, बारीक बुट्ट्यांचं, त्यांनी स्वतःसाठी कधीचं जपून ठेवलेलं. त्याची चोळी शिवली. अशी बेतली होती, की आतून बाहेरून सारखीच दिसावी. पुरी झाल्यावर त्यांनी बगलेतली शिवण उसवली आणि पुन्हा घालायला बसल्या. घातली, बघितली, पुन्हा उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

"आता काय बिघडलं?" मी विचारलं.

"बिघडतच नाई ना!" त्या वैतागून म्हणाल्या. "वाकडी घालाची हाय. चांगली चोळी ती घेईन काय? बिघडलेली हाय म्हनून देतो तिले. पन हात वाकडा जातच नाई." आणि मग माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा उजळला. "अवं, तू घाल. तुले जमते."

माझ्या शिवणाचं त्यांनी आयुष्यात केलेलं हे एकमेव कौतुक. मी मान खाली घालून शिवण घातली, अगदी मनापासून सरळ घालायचा प्रयत्न केला, आणि ती हवी तशी वाकडी आली. बाई म्हणाल्या, "वा!"

बाजाराला पिशव्या धरायला त्यांनी कुसुमला बरोबर घेतलं. गयाबाईपुढं चोळी टाकून म्हणाल्या, "हे पाह्य गया, या पोट्टीनं बिघडवून ठेवली. वर्गात काई कामाची नाई. फेकाचीच होती."

कुसुमचे डोळे विस्फारले. "बाई! मी? मी तर..." तेवढ्यात बाईंचा पाय तिच्या पायावर पडला.

गयाबाईनं चोळी उलटी केली. तिचा चिरलेल्या नखाचा अंगठा त्या वाकड्या शिवणीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. मग बाकीच्या चोळीवरून फिरला. तिनं मान वर करून बाईंकडं पाहिलं. बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी वांग्यांकडं बघत होत्या.

"बिघडलीच हाय," गयाबाई म्हणाली. "कोनी घेनार नाई."

"नाईच घेनार."

"मंग द्या इकडं."

एवढं सगळं अगदी गंभीरपणानं झालं. मग गयाबाईनं पदर तोंडात धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. बाईंनी घाईघाईनं पिशवी उचलली, पण चार पावलं पुढं गेल्यावर त्यांनाही हसू आवरेना. मधे उभी राहिलेली कुसुम बिचारी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती.

दिवाळीपर्यंत आणखी माळणींच्या दुधींना नखं लागायला लागली आणि आमच्या वर्गात आणखी चोळ्या बिघडत गेल्या. कापड माळणींचं असायचं आणि शिलाई आमची, फुकट; म्हणायचं मात्र, की शिकायला दिलेलं कापड मुलींनी नासवलं. वाकड्या शिवणी घालायचं काम अर्थातच माझ्याकडं. इतकी मागणी मला शाळेत दुसऱ्या कशासाठीच नव्हती. मुलींना वाटे, बाईंना हल्ली त्यांचं काहीच पसंत पडत नाही. म्हणून त्या आणखी जीव लावून शिवायच्या.

वर्गणी वाढली नाही. मागच्या दाराची ज्वारीही आली नाही. दिवाळीला मुली घरी जायच्या आदल्या दिवशी बाईंनी तडकलेल्या कोहळ्याची, गूळ घालून बोंडं तळली. सेक्रेटरी साहेब न बोलावता आले. जाताना दारात थांबून म्हणाले, "सुट्टी संपली की उघडा." कुसुम ट्रंक भरत होती. तिनं आपली पुस्तकं ट्रंकेतून काढून पुन्हा फळीवर ठेवली.

ती मॅट्रिक झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले, आणि पाहुण्यांचं काय झालं हे त्यांना कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि मेहकरकडं भावाच्या गावी गेल्या. जाताना अंगुस्तान कुसुमला दिलं. मला काही दिलं नाही. "तुले त्याचा काय उपेग?" म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांचं बोट त्या दिवशी मी पहिल्यांदा उघडं पाहिलं. अंगुस्तानाच्या जागी कातडी गोरी, लहान मुलाच्या बोटासारखी होती. एका हिवाळ्यात त्या गेल्याचं कळलं. मला त्या फार आठवतात. भाजी चिरताना तर नक्कीच.

पुढं पुन्हा तसंच वर्ष आलं. पुन्हा कोरडे ढग, पुन्हा तांबडी मिलो. आता बोर्डिंगची सुपरिंटेंडंट कुसुम होती. ट्रेनिंग करून ती आमच्याच शाळेत आली होती, वर्गात शुद्ध आणि रागात वऱ्हाडी बोलत होती. एका बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. वाटेत फाटकाशी थांबलो तेव्हा ती एकदम म्हणाली, "ताई, एक सांगू? ती हिरवी चोळी मी नव्हती हो बिघडवली. बाईंनी उगाच माझं नाव घेतलं. अजून मनाला लागतं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "अगं, तुझ्या हातून इतकी वाकडी शिवण होणं शक्यच नाही."

तिचं समाधान झालेलं दिसलं.

गयाबाई आता थकली होती, बाजाराला यायची नाही. तिच्या जागेवर तिची सून बसायची. कुसुम वाकली, अंगुस्तान घातलेलं बोट दुधीवर टकटक वाजवून विचारलं, "नख लागलेले आहेत का हो?"

"हायेत ना, बाई. लय हायेत," सून म्हणाली. तिचा हात गोणपाटाखाली गेला आणि तिथं जरा जास्तच वेळ राहिला. मग एकेक दुधी बाहेर यायला लागला. प्रत्येकावर ओली, पांढरी, ताजी कोर.

कुसुमनं पिशवी पसरली आणि माझ्याकडं वळून खुशीत म्हणाली, "महागाईत लोक जास्तच नखं लावतात, नाही ताई?"

सून माझ्याकडं बघत होती.

"हो गं," मी म्हटलं. "फारच लावतात."

सुनेनं शेवटचा दुधी पिशवीत घातला आणि अंगठा पदराला पुसला.